अंगावर एकच औषध

आईला मधुमेह झाल्याचं आमच्या घरात सगळ्यांत आधी मुंग्यांना कळलं. मागच्या दारी न्हाणीच्या दगडापाशी रोज सकाळी काळ्या मुंग्यांची रांग लागायची. पाणी ओतलं तरी तासाभरात परत यायच्या. बाबांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी ओटीवर बसलेल्या चौघांना उठवून मागं नेलं आणि तो दगड दाखवला.

"बगा, म्हातारीनं पोटात ऊस लावलाय. आता आमचा बी साखर कारखाना."

चौघं हसले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती वळली नाही. मी तेव्हा शहापूरच्या एका शाळेत विज्ञान शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो आणि शनिवारचा घरी आलो होतो. खरं सांगायचं तर मीही हसलो.

आमचा पाडा मुरबाड तालुक्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या भिंतीखाली. त्या पाड्यातला पदवीधर झालेला पहिला माणूस मी. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो तो आईच्या डोक्यावरच्या पाट्यांमुळं. उन्हाळ्यात करवंदं, हिवाळ्यात आवळे, लग्नसराईत पत्रावळींसाठी पळसाची पानं असं जे मिळेल ते ती मुरबाडच्या बाजाराला चालत नेत असे. एसटी दारावरून जायची, तरी चालत. माझी पहिली परीक्षानळी मी कॉलेजात हातात धरली तेव्हा मला तिच्या टाचांच्या भेगा आठवल्या होत्या. हे मी कृतज्ञतेनं लिहितो. पुढचं वाचून ही कृतज्ञता कुणाला खोटी वाटली तर मी वाद घालणार नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातून तिला पांढऱ्या गोळ्या मिळाल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळ्यांनी मुंग्या कमी झाल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत लघवीतली साखर तपासायचं निळं द्रावण होतं. ते परीक्षानळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी, आणि फार असेल तर विटकरी. दर सोमवारी आई सकाळची लघवी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून द्यायची आणि मी ती पिशवीतून पहिल्या गाडीनं शहापूरला न्यायचो. गाडीत शेजारचा माणूस हटकून विचारायचा.

"मास्तर, मध नेतंस काय? आमाला बी चाटव की."

मी पिशवी मांडीवर ओढून घ्यायचो. गोळ्या चालू असताना नळीचा रंग हिरवट यायचा. डॉक्टरांनीही चांगलं चाललंय म्हटलं होतं. तिथंच थांबायला हवं होतं.

पण त्या वर्षी होळीच्या सुमारास शिक्षकांच्या खोलीत येणाऱ्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक लेख आला. दालचिनीनं रक्तातली साखर उतरते असं त्यात होतं. दालचिनी सगळी एक नसते हेही त्यात होतं, आणि ते मला आधीच ठाऊक होतं. बाजारात किराणा दुकानात मिळते ती जाड, काळसर, एकाच पापुद्र्याची गुंडाळी. जिभेला तिखट लागते. दुसरी पातळ, फिक्या रंगाची, कागदाच्या कितीतरी घड्या एकात एक घालाव्यात तशी. ती महाग, कल्याणला मोठ्या मसालेवाल्याकडं मिळते. आणि तिसरी आमच्याच डोंगरात उगवते. तिच्या पानाला देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा असतात. आमच्या बायका ते पान खिरीत टाकतात. तीन झाडं, एकाच कुळातली. यातली कोणती साखर जास्त उतरवते, याचा उलगडा लेखात नव्हता. मला वाटलं, तो मी करावा.

मी कोरी वही घेतली. तिच्यावर 'प्रयोगवही' लिहिलं. तीन पुड्या केल्या, त्यांना क, ख आणि ग अशी नावं दिली. प्रत्येकी सहा आठवडे द्यायची, दर सोमवारी रंग पाहायचा. गोळ्या चालूच राहणार हे मी धरून चाललो होतो. ते मी आईला मोठ्यानं सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं मला वाटलं.

आमच्याकडचा एक नियम इथं सांगायला हवा. आमच्या पाड्यांवर औषध देणारी म्हातारी माणसं असतात, भगत म्हणतात त्यांना. ती रानातलं मूळ, साल, पाला देतात आणि बदल्यात काही घेत नाहीत. पण त्यांची अट असते, अंगावर एकच औषध. एक चालू असताना दुसरं घ्यायचं नाही, मग ते दुसऱ्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याचं असो की सरकारी दवाखान्यातलं. दोन औषधं अंगात भांडतात आणि माणूस मरतो, असं आमची माणसं मानतात. शिवाय घेतलेलं औषध आपल्या मनानं सोडता येत नाही. ज्यानं दिलं त्यानंच ते उतरवायचं असतं. तो येतो, उरलेलं औषध स्वतःच्या हातात घेतो, नारळ फोडतो, आणि ते वाहत्या पाण्यात सोडतो. मग माणूस मोकळा.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. सातवीत मला कावीळ झाली तेव्हा वरच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यानं मूळ उगाळून दिलं होतं. त्या दिवशी आईनं डॉक्टरची बाटली शेणखताच्या खड्ड्यात ओतलेली मी डोळ्यांनी पाहिली. एकवीस दिवसांनी म्हातारा स्वतः येऊन औषध उतरवून गेला होता. मी शिकलो, आणि ज्या गोष्टी शिकवल्या नव्हत्या त्या विसरण्याची मला सवय लागली.

पहिली पुडी मी स्वतःच्या हातानं आईच्या तळहातावर ठेवली. म्हणालो, "आजपासून हे माझं औषध. रोज सकाळी अर्धा चमचा, कोमट पाण्यातून."

तिनं पुडी कपाळाला लावली, उगवतीकडं तोंड केलं आणि पहिला घोट घेतला. मी हसून म्हणालो, "अगं, दालचिनी आहे ती. देव नाही."

"देणारा तू ना रे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं पांढऱ्या गोळ्या बंद केल्या. बाबा महिन्याच्या महिन्याला दवाखान्यातून आणत राहिले, ती चहाच्या रिकाम्या डब्यात टाकत राहिली. मला हे सात महिन्यांनी कळलं. या सात महिन्यांत मी तिच्याशी जसा वागलो ते लिहिण्यासाठीच हे सगळं लिहितोय.

क पुडीच्या तिसऱ्या सोमवारी रंग पिवळा झाला. पाचव्या सोमवारी नारिंगी. मी वहीत लिहिलं, 'जाड साल निरुपयोगी.' ख पुडी सुरू केली. रंग नारिंगीच्या पुढं गेला. पातळ, महाग, कल्याणहून आणलेली साल, आणि रंग विटकरी. मला वाटलं, हे शक्य नाही. औषधाचा दोष नसेल तर दोष कुणाचा? माझ्याकडं एकच उत्तर होतं. ती चोरून खाते.

मी घर तपासलं. धान्याच्या कणगीमागं तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली मूठभर सुकी मोहाची फुलं मिळाली. गोड असतात ती. तिनं ती बहुधा बाजारासाठी ठेवली असतील. मी विचारलं नाही. गुळाची ढेप पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली शहापूरला घेऊन गेलो. गावच्या घरीच राहणाऱ्या माझ्या बायकोला बजावलं, आईला भात दोन्ही वेळेला एकच पळी, वर द्यायचा नाही. आमच्या घरात भात हेच जेवण. स्वतः लावलेला, कापलेला, झोडलेला भात तिच्या ताटात एक पळी पडू लागला.

बाबांना हे फार आवडलं. "कसं म्हातारे, लेकानं कोंडवाड्यात घातली ना? शिकवलास, आता भोग."

पण माझं तेवढ्यानं भागलं नाही. पुढच्या शनिवारी मी विटकरी झालेली नळी बूच लावून, रुमालात गुंडाळून घरी आणली. संध्याकाळी ओटीवर शेजारपाजारची माणसं होती. त्यांच्यासमोर ती नळी मी आईच्या पुढ्यात उभी धरली.

"हे बघ. हे तुझं पाप. मी तुझ्यासाठी एवढं करतो आणि तू चोरून खातेस. लाज नाही वाटत?"

"नाय रे, कुटं खाल्ला मी? सुनेला विचार."

"मग हा रंग खोटा? शास्त्र खोटं?"

ती नळीकडं बघत राहिली. एक शेजारीण म्हणाली, "म्हातारपनी जीभ सुटतं गो." दुसरी म्हणाली, "मास्तरांचं नाव घालवशील." बाबा म्हणाले, "बाजारात इकायला ठेव ती बाटली, पोरीबाळींना रंग आवडंल." सगळी हसली. आईच्या हातात त्या वेळी सूप होतं. ती तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही, पाखडतच राहिली, पण तांदूळ भुईवर सांडत होते आणि तिला ते दिसत नव्हतं.

ख पुडी त्याच आठवड्यात संपली. ज्येष्ठात मी तिसऱ्या पुडीसाठी बाबांना घेऊन डोंगरात गेलो. बाबांनी झाडाच्या एकाच अंगानं, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद एवढीच साल काढू दिली. मी आणखी सोलायला कोयता लावला तर ओरडले, "चारी बाजूनं सोललास तं मरंल ना ते! जीव हाय त्याला." उघड्या जागेवर त्यांनी शेण लिंपलं. त्या माणसाला झाडाशी कसं वागायचं ते नीट कळत होतं.

ग पुडी सुरू झाली आणि पहिल्याच सोमवारी नळी निळीशार राहिली. दुसऱ्या सोमवारी निळी. तिसऱ्याही. मी वर्गातल्या मुलांना बोलावून ती दाखवली. लघवी कुणाची ते सांगितलं नाही, पण शोध कुणाचा ते सांगितलं.

त्या निळ्या रंगाचं कारण माझी बायको होती. नळी ओटीवर दाखवून मी शहापूरला परतलो त्यानंतर दोघींचं ठरलं. आई म्हणाली होती, "आता बाटली तू भर गो. माजा रंग त्याला नाय मानवत." बायको घाबरली होती. पण माझ्या पुढच्या शनिवारला ती त्याहून जास्त घाबरत होती. दोघी सासवासुना आमच्या लग्नापासून एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. माझ्या भीतीनं एक झाल्या.

सहा आठवडे उलटले तरी ग पुडी मी चालूच ठेवली. गुळाची पेटीही उघडली नाही. यश आलं होतं, पथ्य मोडायचं कशाला?

आषाढात आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. गुडघाभर चिखलात दिवसभर उभं राहून बायकांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, फाटते, पाणी सुटतं. हळद-तेल लावलं की श्रावणापर्यंत बऱ्या होतात. आईलाही झाल्या. सगळ्यांच्या बऱ्या झाल्या, तिच्या उजव्या पायाच्या करंगळीशेजारची झाली नाही. दुखत नव्हती, म्हणून तिनंही दाखवली नाही. आज मला माहीत आहे की ती दुखत नव्हती हेच भयंकर होतं.

भाद्रपदात तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांचा मेळावा होता. मी 'दालचिनीचे तीन प्रकार आणि रक्तशर्करा' असा निबंध वाचला. आमच्या सह्याद्रीतली साल परदेशी सालीपेक्षा गुणकारी ठरली, असं म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाला एक नारळ आणि एक फूल मिळालं. नारळ मी आईला दिला. तिनं तो देवापुढं ठेवला. फोडला नाही.

त्याच शनिवारी, मी जेवून हात धूत असताना, ती पाणी ओतायला आली. हळूच म्हणाली, "तुजं औषद उतरव रे आता."

"का?"

"अंगाला बरोबर नाय वाटत. नारळ हाय घरात. उतरव."

मी तिच्या हातातला तांब्या ओढून घेतला. "दर सोमवारी निळा रंग येतोय आणि तुला बरोबर वाटत नाही? टाळ्या वाजवल्या लोकांनी! आणि उतरवायला मी काय भगत आहे?"

तिनं खरं सांगायचं ठरवलं असतं तर बाटलीचं सांगावं लागलं असतं, बाटलीचं सांगितलं तर सुनेचं नाव आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू दिलास, तूच उतरवशील ना. दुसऱ्या कोनाला सांगू?"

"कुणालाच सांगू नकोस. गुपचूप घे."

तिनं गुपचूप घेतलं. आणखी पाच आठवडे.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात बायकोनं शाळेत फोन करवला. आईचं बोट काळं पडलं होतं, तापानं ती बरळत होती. तालुक्याच्या दवाखान्यानं लगेच मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"मधुमेह आहे हे माहीत होतं?"

"हो. पण साखर आटोक्यात आहे, सर. मी स्वतः दर सोमवारी लघवी तपासतो. चार महिने एकदा सुद्धा रंग बदललेला नाही."

"कुणाची लघवी?"

मला प्रश्न कळला नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली माझी बायको पदरात तोंड घालून रडू लागली. "माजी," ती म्हणाली. "माजी होती, साहेब."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग आईकडं वळून, जरा मोठ्यानं, "आजी, गोळ्या घेत होता का?"

तिचा ताप थोडा उतरला होता. ती शुद्धीवर होती. अगदी साध्या सुरात, पाहुण्याला घरची रीत सांगावी तसं ती म्हणाली, "नाय साहेब. पोराचं औषद चालू होतं ना. दोन कशी घेनार?"

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "काय करता तुम्ही?"

"शिक्षक आहे."

"कोणता विषय?"

मी विषय सांगितला. त्यांनी खाली ठेवलेला कागद परत उचलला. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा नवरा मात्र फस्सकन हसला.

पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, उद्याच, असं त्यांनी सांगितलं. मी सही केली. आईला सांगितलं तेव्हा ती पायाबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "आदी उतरव. नायतर ह्यांची सुई पन अंगात भांडल."

बाबांना निरोप धाडला. ते संध्याकाळी देवापुढचा नारळ आणि उरलेली ग पुडी घेऊन आले. ती पुडी त्यांनी आईच्या हातात दिली, तिच्या हातून मी माझ्या हातात घेतली. दवाखान्याच्या मागं, कपडे धुवायच्या नळापाशी, मी तो नारळ दगडावर आपटला. आत पाणी नव्हतं. सुकून खोबऱ्याचा गोळा झाला होता, नुसता गडगड वाजत होता. नळ सोडला आणि पुडीतली साल त्या पाण्यात ओतली. ती गटाराच्या जाळीला जाऊन अडकली. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "शिकलेला भगत."

मी वर जाऊन तिला सांगितलं, "उतरवलं."

"वाहत्या पान्यात?"

"हो."

ती झोपली. सकाळी पाय काढला.

ती वाचली. इन्सुलिनवर साखर आटोक्यात आली. रोज सकाळी मी, आणि मी नसताना बायको, तिला सुई देऊ लागलो. बाबांचं चालूच राहिलं. "आता बरं, वहाणा घेतल्या तं एक वहाण चोराला." पण आई आता वेगळीच झाली होती. ती ओटीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माज्या लेकाचं औषद लय कडक. साकर उतरवली पन पाय घेऊन गेलं. देवाला बी मोल द्यावं लागतं." सांगताना तिचा आवाज भरून यायचा. पाड्यातली माणसं मान हलवायची. मला ते ऐकवत नसे, तरी मी तिला थांबवलं नाही. तिच्याकडं त्या पायाच्या बदल्यात तेवढंच होतं.

नंतरच्या वर्षांत मी या विषयावर मिळेल ते वाचलं. दालचिनीनं काहींची उपाशीपोटीची साखर थोडी उतरलेली दिसते, काहींची मुळीच नाही. जाड सालीत एक घटक असतो, तो रोज चमचाभर पोटात गेला तर यकृताला बाधू शकतो. पातळ सालीत तो फार कमी असतो. आमच्या डोंगरातल्या सालीविषयी मला कुठं काही खात्रीचं सापडलं नाही. तिन्हींमध्ये काही गुण असेल, असेलही. गोळीच्या जोडीनं, डॉक्टरला विचारून घेतली तर एखाद्याला उपयोगही होत असेल. गोळीच्या जागी ती बसत नाही. दालचिनीचा यात काही अपराध नाही.

दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, किन्हवलीकडची एक बाई पत्ता विचारत आमच्या ओटीवर आली. चाळिशीची, हातात पिशवी, बरोबर कुणी नाही. तिच्या भाच्याचे गुरुजी त्या मेळाव्यात होते, त्यांनी सांगितलं म्हणाली. वाटेत पाड्यातल्या बायकांनीही सांगितलं होतं.

"मास्तर, ते सालीचं औषद द्या. मला बी साकर हाय."

"दवाखान्याच्या गोळ्या घेता?"

"घेत होते. चार दिस झालं सोडल्या. तुमचं घ्यायचं तं अंग रिकामं पायजे ना."

आई माझ्या मागं भिंतीला टेकून बसली होती. गुडघ्यावर गोधडी घेतली होती. तिचा चेहरा उजळला होता. मी त्या बाईला आत बोलवू शकलो असतो, अंगणात नेऊ शकलो असतो. पण ती बाई आईकडं बघत होती, आईच्या तोंडूनच औषधाचं कौतुक ऐकायला आली होती. आईला न ऐकू जाईल असं सांगितलं असतं तर तिनं ते मानलं नसतं.

म्हणून मी तिथंच सांगितलं. "ते औषध नव्हतं, मावशी. ती नुसती मसाल्याची साल. माझी चूक झाली. तिच्यानं साखर उतरली नाही, वाढत गेली. आईनं गोळ्या सोडल्या म्हणून पाय गेला. औषधानं नाही नेला. तुम्ही आज घरी जाऊन गोळी घ्या. उद्या नको, आजच."

बाई गोंधळली. तिनं आईकडं पाहिलं. आईनं गोधडी वर ओढली.

"खरं सांगतो तो," आई म्हणाली. "जा बाय, गोली खा."

बाई गेली. मी गाडीपर्यंत तिला सोडायला गेलो, वाटेत परत दोनदा सांगितलं. परत आलो तेव्हा आई तशीच बसली होती. ओटीवरून दोघीतिघी गेल्या, त्यांना तिनं हाक मारली नाही.

जेवायला बसलो. बायकोनं तिच्या ताटात भाकरी, भाजी आणि एक पळी भात वाढला. आईनं भाकरी उचलून बाजूला ठेवली आणि ताट पुढं सरकवलं.

"भात वाड."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आई, पथ्य आहे ना."

"पथ्य औषदाचं असतं," ती म्हणाली. "औषदच नव्हतं तं पथ्य कसलं पाळलं मी?"

साखरेचं, इन्सुलिनचं, दुसऱ्या पायाचं, सगळं मला सांगता आलं असतं. ती ताटावर हात धरून माझ्याकडं बघत होती. मी बायकोच्या हातातून पळी घेतली आणि भात वाढला. एक पळी, दुसरी, तिसरी. ती बस म्हणाली नाही.